प्रतीक्षायादीच्या अलीकडचे रुग्ण

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा अवयवदानाच्या अंगाने होते. दाते थोडे, गरजू रुग्ण फार आणि प्रतीक्षायादी लांबलचक, हे चित्र दरवर्षी ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्त वाचकांसमोर येते. ते खरे आहे. पण अपुरे आहे. प्रतीक्षायादीत ज्यांचे नाव आहे, तेवढेच रुग्ण या मोजणीत येतात. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस केंद्राची वाट तुडवणारे, प्रत्यारोपणास वैद्यकीयदृष्ट्या योग्य असलेले आणि तरीही ज्यांचे नाव कोणत्याही यादीत कधी गेलेच नाही, असे रुग्ण या हिशेबाबाहेर राहतात. त्यांना यादीपासून दूर ठेवणारी कारणे पुष्कळदा शरीरात नसतात. ती घरात, खिशात, प्रवासात आणि नातेसंबंधांत असतात. या सामाजिक कारणांचा हा परामर्श.

दोन उपचार, दोन आयुष्ये

दोन्ही मूत्रपिंडांचे कार्य जवळजवळ थांबले की रुग्णापुढे दोन मार्ग उरतात : डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. आपल्याकडे ही वेळ येण्यामागे मधुमेह व उच्च रक्तदाब ही दोन प्रमुख कारणे आहेत. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा देशात दरवर्षी अशा सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते, असा अंदाज केंद्र सरकारने मांडला होता.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास डायलिसिस घेणाऱ्याला त्यांपैकी फक्त १२ तासांची भरपाई मिळते. उरलेल्या वेळात पाणी मोजून प्यायचे, मीठ व फळे जपून खायची आणि पुढच्या पाळीची वाट पाहायची. यंत्र रक्त शुद्ध करते, शरीरातील जादा पाणी काढते. पण मूत्रपिंडाची इतर कामे त्याला जमत नाहीत. त्यामुळे रक्तक्षय, हाडांचे विकार आणि हृदयविकार या रुग्णांच्या मागे लागतात.

प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, संसर्गापासून जपावे लागते आणि बसवलेले मूत्रपिंड काही वर्षांनी निकामी होऊ शकते. तरीही बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा उपचार सरस ठरतो. अमेरिकेतील प्रतीक्षायादीवरील रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. यादीवर राहून डायलिसिस चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत प्रत्यारोपण झालेल्यांचा दीर्घकालीन मृत्यूचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी असल्याचे त्यात आढळले. त्यात तुलना झाली ती यादीवरच्यांचीच, म्हणजे दोन्ही गट प्रत्यारोपणाला योग्य ठरलेल्यांचे होते, हे महत्त्वाचे.

नोंदणी म्हणजे नेमके काय?

मूत्रपिंड दोन प्रकारे मिळू शकते. पहिला प्रकार जिवंत नातेवाईक दात्याचा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि पती-पत्नी यांना निकटचे नातेवाईक मानले. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा व नातवंडांची भर पडली. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांनी परस्परांत दात्यांची अदलाबदल करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने झाली. दूरचा नातेवाईक वा स्नेही दाता असल्यास प्राधिकार समितीची परवानगी लागते.

दुसरा प्रकार मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने केलेल्या दानाचा. त्यासाठी मात्र आधी नाव नोंदवलेले असावे लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागांत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या काम करतात. मुंबईची समिती २००० पासून कार्यरत आहे. देशपातळीवर दिल्लीतील राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजेच ‘नोटो’, या कामाचे सूत्रसंचालन करते.

रुग्णाला समितीच्या कार्यालयात जाऊन परस्पर नाव नोंदवता येत नाही. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फतच नोंदणी होते. त्याआधी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची तपासणी, रक्तगट, हृदयाच्या चाचण्या, कावीळ व एचआयव्हीच्या तपासण्या, दात, फुप्फुसे, मूत्रमार्ग अशी तपासण्यांची मालिका पूर्ण करावी लागते. ‘नोटो’च्या निकषांनुसार तीन महिन्यांहून अधिक काळ नियमित डायलिसिसवर असणे ही अट आहे. मूत्रपिंडाच्या वाटपात रक्तगट पाहिला जातो आणि डायलिसिसवर काढलेल्या काळाला गुण मिळतात. परंतु ज्याचे नाव यादीतच नाही, त्याने यंत्रावर काढलेली दहा वर्षेही वाटपाच्या दृष्टीने शून्य ठरतात. नोंदणीच्या प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

निवड समितीची आणि परिस्थितीची

कोणी जगावे याचा निवाडा सामाजिक निकषांवर होण्याचा एक उघड प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिएटल शहरात दीर्घकालीन डायलिसिसचे केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक. तेव्हा सात सामान्य नागरिकांच्या समितीकडे निवड सोपवण्यात आली. रुग्णाचा विवाह झाला आहे काय, मुले किती, उत्पन्न किती, शिक्षण किती, तो चर्चला जातो काय, असल्या बाबी समिती विचारात घेई. हे प्रसिद्ध झाल्यावर मोठे वादळ उठले आणि आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या उभारणीत या वादाचा वाटा राहिला.

आज अशी समिती कोठेही नाही. मूत्रपिंडाचे वाटप गुणांनुसार होते. पण यादीच्या दारापर्यंत कोण पोहोचतो, हे अजूनही पुष्कळदा विवाह, उत्पन्न, शिक्षण आणि घरातील स्थान यांवरच ठरते. फरक इतकाच की आता निवाडा कोणी बोलून दाखवत नाही.

अमेरिकेतील अलेक्झांडर व सेहगल या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मार्गदर्शक आहे. तीन राज्यांतील सात हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला आणि प्रत्यारोपणाच्या वाटेच्या चार पायऱ्या केल्या : वैद्यकीय योग्यता, रुग्णाची इच्छा, पूर्वतपासण्या पूर्ण होणे आणि यादीत वर सरकून प्रत्यक्ष प्रत्यारोपण होणे. कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि गरीब रुग्ण यांची वेगवेगळ्या पायऱ्यांवर गळती होत असल्याचे त्यांना दिसले. एकच मोठी भिंत नसून अनेक लहान उंबरठे असतात आणि प्रत्येक उंबरठ्यावर काही माणसे मागे राहतात. तो देश वेगळा, तेथील समाजही वेगळा. पण पायऱ्यांचा हा हिशेब महाराष्ट्रालाही लागू पडतो.

पहिला उंबरठा : माहिती आणि अंतर

गेल्या काही वर्षांत जिल्हा रुग्णालये, पालिका रुग्णालये आणि धर्मादाय संस्थांमुळे डायलिसिसची सोय बरीच विस्तारली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हजारो रुग्णांना ते मोफत मिळते. ही मोठीच सुधारणा आहे. मात्र तिच्या सावलीत एक नवी अडचण उभी राहिली. पुष्कळ केंद्रांचा रोजचा कारभार तंत्रज्ञ सांभाळतात. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. पाळी वेळेवर लागणे, वजन उतरणे, रक्तदाब सांभाळणे यातच केंद्राचा दिवस संपतो. ‘तुमचे प्रत्यारोपण होऊ शकेल का, हे आपण तपासून पाहू’ हे वाक्य रुग्णाच्या कानावर पडेलच याची हमी नसते. ते सांगणे नेमके कोणाचे काम, हेही अनेक ठिकाणी ठरलेले नसते.

डायलिसिस केंद्र तालुक्याला आले, तरी प्रत्यारोपण केंद्रे मुख्यत्वे मोठ्या शहरांतच आहेत. गावाकडच्या रुग्णाला तपासण्यांसाठी पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला अनेक फेऱ्या माराव्या लागतात. डायलिसिसच्या दोन पाळ्यांमध्ये मिळतो एक दिवस. त्यातच जाऊन यायचे, तपासणी राहिली तर पुन्हा जायचे. सोबत घरचे एक माणूस हवे, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर कागदांची पिशवी खुंटीला लागते ती लागतेच.

मुंबईकर रुग्णाला हे अंतर मैलांत मोजावे लागत नाही. पण त्यालाही ते असते. वस्तीजवळच्या धर्मादाय केंद्रात स्वस्त डायलिसिस मिळते. त्या केंद्राचा प्रत्यारोपणाशी संबंध नसतो. मोठ्या रुग्णालयात जायचे तर पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग, इंग्रजीतील अर्ज. लिहिता-वाचता न येणाऱ्या किंवा नुकताच परप्रांतातून आलेल्या रुग्णाला हा प्रवास एकट्याने जमणे कठीण असते.

दुसरा उंबरठा : पैशाचे गणित

‘आमच्याने एवढा खर्च होणार नाही’ हे नोंदणी न करण्याचे नेहमी दिले जाणारे कारण. त्यात तथ्य आहे, तसाच जुन्या माहितीचा भागही आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजनेतील कुटुंबामागचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपयांवर नेण्यात आली. धर्मादाय रुग्णालयांवर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखण्याचे बंधन आहे. मुख्यमंत्री सहायता निधी व पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडेही अर्ज करता येतो. नोंदणीसाठी काही राज्यांत ५ ते १० हजार रुपये शुल्क घेतले जाई. तसे शुल्क घेऊ नये, असे केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना कळवले.

तथापि योजनेत मावतो तो मुख्यतः रुग्णालयाचा खर्च. घर चालवण्याचा खर्च कोणत्याच पत्रकात नसतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने वारंवार तपासणीला यावे लागते. बाहेरगावच्या कुटुंबाला रुग्णालयाजवळ खोली घ्यावी लागते. संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ, कमी गर्दीची जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर ती आणायची कोठून? नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे कायम घ्यावी लागतात आणि त्यांवर दरमहा हजारो रुपये जातात. पैसे संपले म्हणून औषध थांबले, तर मूत्रपिंडही जाते. डॉक्टरांना ही धास्ती असते आणि म्हणून रुग्णाची ऐपत, नकळत का होईना, शिफारशीचा एक निकष होऊन बसते.

दात्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा लागू केली. रिक्षा चालवणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या किंवा कंत्राटावर राबणाऱ्या भावाला असे ४२ दिवस कोण देणार? त्याची इच्छा असूनही घर त्याला थांबवते.

तिसरा उंबरठा : घरातील बाई

प्रत्यारोपणाच्या आकडेवारीतील सर्वांत बोचरा भाग स्त्रियांचा आहे. ‘नोटो’च्या माहितीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी अवयव मिळालेल्या स्त्रिया होत्या ६,९४५. म्हणजे पाचांत जेमतेम एक. दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्ये जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. देणारे हात बाईचे आणि घेणारे पुरुषाचे, असा हा ताळेबंद आहे. हे आकडे सर्व अवयवांचे असले, तरी त्यांत मोठा वाटा मूत्रपिंडांचाच आहे.

स्त्रियांमध्ये मूत्रपिंडविकार कमी असतो, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. जगभर दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा कमी नाही. पुरुषांत हा आजार काहीसा वेगाने शेवटच्या टप्प्याला जातो हे खरे. पण त्याने एवढी दरी पडत नाही. दरी पाडते ती घराची व्यवस्था. कमावता पुरुष आजारी पडला की त्याला वाचवणे ही सर्वांची निकड ठरते. पत्नी पुढे येते, आई पुढे येते आणि त्यांच्या त्यागाचे कौतुकही होते. बाई आजारी पडली की ‘डायलिसिसवर चाललेय ना ठीक’ एवढ्यावर घर थांबते. नवरा दाता व्हायला तयार असला, तरी ‘कमावत्या माणसाला कापायचे का?’ असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. अविवाहित मुलीच्या बाबतीत आजार लपवण्याकडे कल असतो. तिचे नाव यादीत घालणे म्हणजे गावभर बोभाटा, अशी धास्ती असते. विवाहित मुलीचा खर्च माहेरने करायचा की सासरने, या वादात महिने निघून जातात. आणि पुष्कळदा बाई स्वतःच म्हणते, ‘माझ्यासाठी कशाला एवढा खर्च? मुलांचे शिक्षण होऊ दे.’ या उत्तराची नोंद ‘रुग्णाची इच्छा नाही’ अशी होते. ती इच्छा घडवली कोणी, हे फॉर्मवर विचारलेले नसते.

येथे सामाजिक कारणाला शरीरशास्त्राची जोड मिळते. गरोदरपणात आणि रक्त चढवल्याने शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. त्यामुळे मुले झालेल्या स्त्रीला नवऱ्याचे वा मुलांचे मूत्रपिंड जुळणे काही वेळा अवघड होते. म्हणजे घरातून दाता मिळण्याची शक्यता तिच्या बाबतीत मुळातच थोडी कमी असते. तेव्हा मेंदूमृत दात्याच्या यादीत तिचे नाव लवकर जाणे अधिकच गरजेचे. प्रत्यक्षात घडते उलट. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोटो’ने राज्यांना पाठवलेल्या सूचनांत प्रतीक्षायादीवरील स्त्रियांना तसेच मृत दात्यांच्या नातेवाईकांना प्राधान्य देण्यास सांगितले. स्त्रियांवरील अन्यायाची ही अधिकृत कबुलीच म्हणायची. पण यादीवरील प्राधान्याचा लाभ यादीवर असलेलीलाच मिळेल.

चौथा उंबरठा : कुटुंबाचा कौल

आपल्याकडे मोठ्या आजारपणाचे निर्णय रुग्ण एकट्याने घेत नाही. काका, मामा, मेहुणे, थोरली वहिनी, सगळ्यांचे मत पडते. यात आधारही असतो आणि खोळंबाही. दाता कोण, या प्रश्नावर घरात न बोललेला ताण निर्माण होतो. भावाने पुढे यावे अशी अपेक्षा असते. भावजय घाबरलेली असते. जमिनीच्या वाटणीतील जुनी कुरबुर नेमकी याच वेळी वर येते. कोणी स्पष्ट नकार देत नाही आणि होकारही देत नाही. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘धाकटीचे लग्न उरकू दे’ असे करता करता वर्ष उलटते.

या काळात मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालून ठेवायला हरकत नसते. पण घरचा दाता मिळेल या आशेवर अनेक कुटुंबे ते करत नाहीत. काहींना वाटते, यादीत नाव घातले तर घरच्यांवर विश्वास नाही असा अर्थ होईल. हा गैरसमज आहे. घरच्या दात्याच्या तपासण्या चालू असतानाही नोंदणी करता येते आणि पुढे घरचे मूत्रपिंड मिळाले तर नाव काढून घेता येते.

काही रुग्णांपुढे तर कुटुंबच नसते. विधवा, परित्यक्ता, गाव सोडून शहरात एकटे राहणारे कामगार यांना ‘सोबत कोण आहे?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरची देखभाल सोपी नसल्याने रुग्णालयाचा प्रश्न गैर नाही. पण उत्तर नाही म्हणून रुग्णाला परत पाठवणे आणि उत्तर शोधायला मदत करणे, यांत अंतर आहे.

भीती, श्रद्धा आणि अविश्वास

‘ऑपरेशन फसले तर? निदान यंत्रावर तरी माणूस डोळ्यांसमोर आहे,’ ही भीती सर्व थरांत आढळते. शेजारच्या खुर्चीवरील रुग्णाचे प्रत्यारोपण अयशस्वी झाले की ती बातमी केंद्रभर होते. ज्यांचे यशस्वी झाले ते मात्र पुन्हा केंद्रात दिसत नाहीत, कारण त्यांना तेथे येण्याची गरजच उरत नाही. त्यामुळे डायलिसिस केंद्रात बसून पाहणाऱ्याला अपयशच अधिक दिसते.

मूत्रपिंड पुन्हा ‘सुरू’ करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती आणि भोंदू उपचार यांपायी काही रुग्ण मोलाचा काळ घालवतात. मृताचा अवयव शरीरात घेण्याविषयी संकोच असतो. जुन्या पिढीत ‘पुढच्या जन्मी तो अवयव नसेल’ हा समज दात्यांच्या बाजूने आजही ऐकू येतो. याहून खोल आहे तो अविश्वास. मुंबई-पुण्यासह देशात वेळोवेळी उघडकीस आलेल्या मूत्रपिंड विक्रीच्या प्रकरणांमुळे ‘या यादीतही वशिलाच चालत असेल’ असे सामान्य माणसाला वाटते. अशा प्रकरणांत बोगस नातेवाईक दाखवून जिवंत दात्यांचा व्यवहार झालेला असतो. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडांचे वाटप समन्वय समितीमार्फत, ठरलेल्या निकषांवर होते. हा फरक रुग्णांपर्यंत पोहोचलेला नाही आणि त्याची किंमत प्रामाणिक गरिबाला मोजावी लागते.

वयाचाही अडसर होता. पूर्वीच्या नियमांत ६५ वर्षांवरील रुग्णाला मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवता येत नसे. २०२३ मध्ये केंद्राने ही अट काढली. तसेच त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही रद्द झाली. नियम गेला तरी ‘आता या वयात कशाला’ हा घरगुती नियम शिल्लक आहे. कामासाठी महाराष्ट्रात आलेल्या परप्रांतीय रुग्णांना रहिवासाची अट गेल्याचे सहसा ठाऊक नसते.

नाव लागल्यानंतरही

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. तपासण्या वेळोवेळी नव्याने कराव्या लागतात. त्या न केल्यास किंवा प्रकृती बिघडल्यास नाव तात्पुरते निष्क्रिय ठरू शकते. मूत्रपिंड उपलब्ध झाल्याचा निरोप रात्री-अपरात्री येतो आणि रुग्णाने काही तासांत पोहोचायचे असते. ज्याचा फोन रिचार्जअभावी बंद आहे, ज्याने नंबर बदलला पण कळवला नाही, ज्याच्या गावातून पहाटेपर्यंत वाहन नाही किंवा ज्याच्याकडे त्या क्षणी हातात पैसे नाहीत, त्याची संधी पुढच्याकडे जाते. यादी निष्पक्ष असते. तिच्या अंमलाच्या वेळी मात्र परिस्थिती पुन्हा हजर होते.

आणखी एक वास्तव लपवून चालणार नाही. २०२३ मध्ये देशात १३,४२६ मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली; त्यांपैकी बहुसंख्य जिवंत दात्यांमुळे. त्या वर्षी देशभरातील मेंदूमृत दाते होते १,०९९. त्यामुळे ‘नाव घालून उपयोग काय, नंबर थोडाच लागणार?’ असे रुग्ण विचारतात, ते निराधार नाही. पण नोंदणी न केल्याने नंबर लागण्याची शक्यता शून्य होते, हेही तितकेच खरे. शिवाय यंत्रावरील प्रत्येक वर्षागणिक हृदय व रक्तवाहिन्या थकत जातात. आज योग्य ठरणारा रुग्ण तीन वर्षांनी शस्त्रक्रियेस अयोग्य ठरू शकतो. उशीर हा येथे तटस्थ नसतो.

काय करता येईल?

डायलिसिस सुरू झालेल्या प्रत्येक रुग्णाशी ठरावीक मुदतीत प्रत्यारोपणाविषयी बोलणे झालेच पाहिजे आणि त्याची नोंद केसपेपरवर असली पाहिजे. योग्य, अयोग्य किंवा तपासणी बाकी, यांपैकी एक शेरा आणि त्याचे कारण लिहिले, तर कोण कोठे अडकला हे दिसू लागेल. मोफत डायलिसिसच्या योजनांत ही अट घालणे शासनाला फारसे खर्चाचे नाही. हा शेरा स्त्री-पुरुषांनुसार तपासला तर घराघरांतील निवाडेही आकड्यांत उमटतील.

प्रत्यारोपण केंद्रांत समन्वयकाची नेमणूक कायद्याने बंधनकारक आहे. पण उंबरठे ओलांडायला मदत लागते ती त्याआधी, डायलिसिस केंद्रात. सरकारी व पालिका रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक आणि योजनेचे आरोग्यमित्र हे काम करू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणीच एका दिवसात शक्य तेवढ्या पूर्वतपासण्या उरकणारी शिबिरे भरवली, तर फेऱ्या वाचतील. शस्त्रक्रियेइतकेच लक्ष औषधांच्या कायमच्या पुरवठ्याकडे द्यावे लागेल. नाहीतर एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे होईल. आणि ज्यांचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, त्यांनी महिन्यातून एकदा जुन्या केंद्रात जाऊन बसावे. त्यांचे तेथे असणे हीच खात्री.

रुग्ण व नातेवाईकांसाठी

* ‘मी प्रत्यारोपणाला योग्य आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ‘नाही’ म्हटल्यास कारण विचारा. ते कायमचे आहे की तात्पुरते, हे समजून घ्या.
* आपले डायलिसिस केंद्र नोंदणी करत नसेल, तर जवळच्या मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयाचे नाव विभागीय समन्वय समितीकडून घ्या. ‘नोटो’चा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८०० ११ ४७७० आहे.
* घरचा दाता शोधत असतानाही यादीत नाव घालता येते.
* डायलिसिस सुरू झाल्याच्या तारखेचा पुरावा, सर्व अहवाल, आधार कार्ड व शिधापत्रिका एका फाइलमध्ये ठेवा.
* काविळीची लस वेळेवर घ्या. रक्त चढवण्याची वेळ आली, तर ते टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.
* नोंदणीनंतर फोन नंबर व पत्ता बदलल्यास त्वरित कळवा. घरातील दुसऱ्या व्यक्तीचा नंबरही द्या.
* घरात स्त्री रुग्ण असेल, तर तिला एकटीला तज्ज्ञांशी बोलू द्या. तिची इच्छा तिच्याच तोंडून ऐकली जावी.

डायलिसिसची खुर्ची हा अनेकांसाठी एक थांबा असायला हवा होता. तो मुक्काम होऊन बसला आहे. काहींना वैद्यकीय कारणांमुळे तेथेच राहावे लागेल. पण जे केवळ कोणी सांगितले नाही, कोणी सोबत आले नाही किंवा घराने त्यांचा विचार केला नाही म्हणून तेथे आहेत, त्यांची नावे यादीत जाणे हे शस्त्रक्रियेहून कितीतरी सोपे काम आहे. त्यासाठी दाता लागत नाही.